निद्रानाशावरचे उपाय: नागपूरच्या बाजारात काय घ्यावं, काय सोडावं

मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर "झोपेसाठी काहीतरी द्या" म्हटलं की साधारण त्याच चार गोष्टी पुढे येतात. मेलाटोनिनच्या गमीज, अश्वगंधाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियमचा डबा, आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर सर्दीची गुंगी आणणारी गोळी. धरमपेठेत असो की सक्करदऱ्यात, झोप नेमकी कुठे अडते हे मात्र कोणी विचारत नाही. ते ठरल्याशिवाय यातल्या एकाही वस्तूला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही.

तक्रारी मुख्यतः तीन. पाठ टेकूनही तास-दीड तास डोळा लागत नाही, ही पहिली. लागते, पण दोन-तीन वाजता मोडते आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत पडावं लागतं, ही दुसरी. तिसरी म्हणजे सात-आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, दुपारी खुर्चीतच पेंग. ही तिसरी बहुतेक वेळा निद्रानाश नसतेच. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रक्तदाब आणि जाड मान यांची सोबत असेल तर ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. त्याला बाजारातला कुठलाही डबा चालत नाही, झोपेची तपासणीच करावी लागते. अशा माणसाने गुंगीची गोळी किंवा झोपेसाठी म्हणून दारू घेतली तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त वेळ अडकतो. पहिली किंवा दुसरी तक्रार आठवड्यात तीन रात्री, अशी तीन महिने चालली की तिला जुनाट निद्रानाश म्हणतात. पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या दोन तक्रारींसाठी आहे.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र पहिला पैसा गोळीवर नाही, कूलरवर टाकावा. झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ही उष्णता बाहेर पडते ती हाताच्या, पायाच्या कातडीतून. दिवसभर ४४-४५ अंशात तापलेला स्लॅब मध्यरात्रीही वरच्या मजल्यावर गरम श्वास सोडत असतो. त्या खोलीत कातडीतून उष्णता जाणार तरी कुठे? नागपूरची मे महिन्याची हवा कोरडी असते, म्हणून इथे कूलर जितकं काम करतो तितकं मुंबईत करूच शकत नाही. पण तो नीट लावलेला असला पाहिजे, आणि बहुतेक घरांत तो नीट लावलेला नसतो.

कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवायचं. बंद खोलीत ओलावा साचतो आणि दोन वाजता अंग चिकट होऊन जाग येते. जाळीतलं गवत दरवर्षी बदलायचं. जुनं गवत खाली बसतं, वरच्या बाजूला चार बोटांची फट पडते आणि गरम हवा सरळ तिथून आत येते. बोअरच्या पाण्याचे क्षार वरच्या पन्हाळीची भोकं बुजवतात. गवतावर उभे कोरडे पट्टे दिसले की सुईने भोकं मोकळी करायची. पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवला तर गवत पूर्ण भिजतं आणि पहिला गरम झोत टळतो.

दुसऱ्या तक्रारीचं एक कारण कूलरच्या टाकीतच सापडतं. रात्री दहाला अर्धी भरलेली छोटी टाकी तीन-साडेतीनला कोरडी पडते, पंप रिकामा घरघरतो, हवा गरम होते आणि माणूस जागा होतो. हे रोज त्याच वेळी घडत असेल तर गोळीचा विचार करण्याआधी टाकी पाहावी. फ्लोट लावून नळाची जोडणी घेतली की प्रश्न मिटतो. नाहीतर झोपताना टाकी काठोकाठ भरावी, मात्र भरण्याआधी प्लग काढून. पत्र्याच्या कूलरला अर्थिंगचा तीन पिनचा प्लग हवाच. कूलरच्या शॉकने उन्हाळ्यात माणसं दगावतात, यात हयगय नको. झोत तोंडावर घेऊ नये, घसा कोरडा पडून जाग येते. पायांकडे किंवा भिंतीवर वळवावा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रशने घासायची आणि वाळू द्यायची. डेंग्यूच्या डासांची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. आणि पाऊस लागला की पंप बंद. दमट हवेत कूलर फक्त ओलावा वाढवतो.

खसच्या ताट्यांना वास सुरेख असतो, झोप आणणारं औषध म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. फार दाट भरल्या तर उलट हवा अडते. जाता जाता एक: कूलरची खस म्हणजे वाळ्याची मुळं, आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. झोपेच्या घरगुती नुस्ख्यांमध्ये या दोघांची सर्रास अदलाबदल होते.

अंघोळीचंही तापमानाशीच नातं आहे. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशाच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली तर झोप लवकर लागते. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हा फरक सरासरी दहा मिनिटांच्या आसपास निघाला. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री नऊलाही कोमट असतं, गीझर लावायची गरजच नाही. झोपायच्या तोंडावर बर्फासारखं गार पाणी घेतलं तर वाहिन्या आकसतात आणि हेतूच फसतो.

काशाच्या वाटीला आमचा कौल आहे, पण तिच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टींना नाही. कोमट खोबरेल किंवा तूप तळव्याला लावून वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांकडे हलकं घासायचं, एकेका पायाला दहा मिनिटं. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे संशोधनात दिसलेलं आहे, आणि चोळल्याने तळव्यांकडे रक्त येतं. वीस मिनिटं मोबाइल हातात नसतो, हाही फायदाच. तळव्यावर जो काळपट राप येतो तो "अंगातली उष्णता निघाली" म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात तो वाटीचा धातू आणि तेल-घामातली आम्लं यांचा असतो. तळवे घासणाऱ्या काशाच्या यंत्रावरही येतो, वाटीनेही येतो, निरोगी माणसाच्या पायावरही येतो. तो पाहून औषध ठरवू नये. नंतर तळवे जुन्या सुती कपड्याने कोरडे पुसायचे, नाहीतर टाइल्सवर पाय घसरून म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायचं. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर यंत्र वापरू नये, हाताने हलकं चोळावं.

आता मेलाटोनिन. सध्या सगळ्यात जास्त खप याचाच दिसतो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याचाच. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे संप्रेरक सोडते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. म्हणजे ही सूचना आहे, गुंगी नव्हे. ज्याच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकलंय, रात्री तीनला झोप आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत गाढ, त्याला ते उपयोगी पडतं. अशा माणसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतो, आणि तो झोपताना नाही तर नेहमीच्या झोपेच्या चार-पाच तास आधी. सोबत सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरचा उजेड. दुकानात मात्र ३, ५, १० मिलिग्रॅमचं मिळतं आणि "दहावालं स्ट्राँग आहे" असं सांगितलं जातं. जास्त डोसने जास्त झोप येत नाही. सकाळी डोकं जड राहतं, विचित्र स्वप्नं पडतात. दोन-तीनला झोप मोडणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी मेलाटोनिन न वापरण्याची शिफारस केली आहे, जरी पुरावा कमकुवत असल्याचंही तिथेच नमूद आहे.

गमीज तर आम्ही सरळ सोडायला सांगू. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमी उत्पादनं तपासली, त्यातल्या २२ मध्ये लेबलवरच्या आणि आतल्या प्रमाणाचा मेळ बसला नाही. एकात तर मेलाटोनिन सापडलंच नाही. घ्यायचंच असेल तर साधी गोळी, मध्ये रेघ असलेली, म्हणजे अर्धी-पाव करता येते. हळूहळू विरघळणारी गोळी तोडायची नसते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, फ्लुवोक्सामिन (मनाच्या आजारावरचं औषध) चालू असेल, गर्भार असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मुलांना गोड गोळी म्हणून तर मुळीच नको.

इतवारीच्या किराणा ओळीत आणि जडीबुटीच्या दुकानांत वेगळाच माल आहे. तगराची मुळं वासावरून ओळखता येतात. जुन्या ओल्या मोज्यांसारखा उग्र दर्प हवा, तो नसेल तर माल जुना किंवा दुसराच. तगर हे आपल्याकडचं व्हॅलेरियन. त्यावरचे अभ्यास पुष्कळ आहेत, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. जटामांसी हिमालयातून येते, ती दुर्मिळ झाली आहे आणि तिच्यात भेसळ फार. खात्रीचा माल मिळत नसेल तर ती सोडून द्यावी. अश्वगंधाच्या मुळाच्या अर्कावर, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा-आठ आठवड्यांचे अभ्यास आहेत आणि झोपेत थोडी सुधारणा दिसते, विशेषतः ज्याला चिंतेने झोप लागत नाही त्याला. पण यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले तर त्या दिवशीच बंद. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भार बायकांनी लांब राहावं.

जायफळ प्रत्येक घरात असतं म्हणून त्याबद्दल सविस्तर. सहाणेवर दूध टाकून जायफळाचे तीन-चार वळसे उगाळले की तांबूस गंध येतो, तेवढा कोमट दुधात पुरे. त्या प्रमाणात ते निरुपद्रवी आहे. पुरणपोळी-श्रीखंडानंतरची सुस्ती लोक जायफळाच्या नावावर टाकतात, पण तिच्यात साखरेचा आणि पोटभर जेवणाचा वाटा मोठा असतो. गडबड होते ती पूड चमच्याने घेतल्यावर. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण दोन-अडीच ग्रॅम, आणि पाच ग्रॅमला विषबाधा होऊ शकते: छातीत धडधड, तोंड कोरडं, भास. तीन ते आठ तासांनी परिणाम दिसतो, म्हणून तासाभरात काही वाटलं नाही की माणूस दुसरा चमचा घेतो. असं कधीही करू नये. आणि रडणाऱ्या तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी जायफळ चाटवू नये.

मॅग्नेशियमबद्दल थोडक्यात. कमतरता नसेल तर फरक थोडाच. स्वस्तातलं ऑक्साइड घेतलं तर झोपेऐवजी जुलाब. मूत्रपिंडाचा आजार असेल तर टाळावं. पाय वळवळतात, संध्याकाळी पडल्यावर हलवत राहावंसं वाटतं, अशी तक्रार असेल तर मॅग्नेशियमचा डबा घेण्याआधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, तपासावं. ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देतात, आणि बायकांमध्ये हे कारण वारंवार निघतं.

सर्दीच्या गोळीने दोन रात्री छान झोप लागते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून शरीर सरावतं, गुंगी ओसरते आणि तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता तेवढी उरते. साठीच्या पुढच्या माणसांना लघवी अडकते, रात्री भ्रम होतो. वडीलधाऱ्यांना ही गोळी झोपेसाठी देऊ नये.

चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या वाईट नाहीत. घरात मृत्यू झाला, शस्त्रक्रिया झाली, अशा वेळी आठ-पंधरा दिवस त्यांचा खरा उपयोग असतो. अडचण होते ती त्याच चिठ्ठीवर सहा महिने गेल्यावर. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठी हवी, आणि दुकानदाराने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. चिठ्ठीशिवाय पट्टी पुढे करणारं दुकान म्हणूनच बदलावं. झोल्पिडेमचा अंमल अडीच तासांत निम्मा होतो, म्हणून ते झोप लागायला चांगलं, टिकवायला तितकं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठीचा साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला आणि २०१९ मध्ये झोपेत चालणं, गाडी चालवणं याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. गोळी घेतली की अंथरुणावरच जायचं, भांडी आवरायला नाही. क्लोनाझेपाम निम्मं व्हायला तीस-चाळीस तास घेतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर दुचाकी चालवताना ते रक्तात असतंच.

रोज घेतलेली गोळी एकदम तोडू नये. अल्प्राझोलाम अचानक सोडलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टर दर दोन आठवड्यांनी डोस थोडा थोडा उतरवतात. उतरवताना काही रात्री झोप आधीपेक्षाही बिघडते. "बघा, गोळीशिवाय जमतच नाही" असं घरातले म्हणतात ते इथेच, आणि ते चूक आहे. तो गोळी सुटण्याचा परिणाम असतो आणि तो ओसरतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून जे सांगितलं ते कुठल्याही दुकानात मिळत नाही: झोपेसाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती, सीबीटी-आय. आमच्या मते या सगळ्या यादीत सगळ्यात भरवशाचं हेच, आणि सगळ्यात कठीणही. तिचा गाभा अंथरुणातला वेळ कमी करण्यात आहे. आधी दोन आठवडे वहीत लिहायचं: किती वाजता पडलो, अंदाजे किती झोपलो, किती वाजता उठलो. समजा रात्री दहा ते सहा अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, म्हणजे आठपैकी ६९ टक्के. आता अंथरुणातली वेळही साडेपाच तासच ठेवायची: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. उठायची वेळ पक्की, रविवारीही तीच. आठवड्याने हिशेब करायचा. झोप ८५ टक्क्यांच्या वर गेली की पडायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे, पावणेबारा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं पलीकडे, पण पाच तासांच्या खाली कधीच नाही. झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी, घड्याळ न पाहता अंदाजाने, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं. डोळे मिटायला लागले की परत.

पहिला आठवडा त्रासाचा जातो. लोक सोडतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी जेवल्यावर डुलकी काढून. ती डुलकी रात्रीच्या झोपेची सगळी भूक खाऊन टाकते. नागपुरात यासाठी उन्हाळा सोयीचा: जूनच्या सुरुवातीला साडेपाचलाच उजाडतं, तीच थंड वेळ, बाहेर पडायला बरं वाटतं. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातला येतो, तेव्हा उठायची वेळ सहा-साडेसहा ठेवावी. फिट येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असलेल्यांनी आणि रात्री ट्रक-बस चालवणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

यासोबत तीन गोष्टी बंद केल्याशिवाय वरचं काहीच नीट चालत नाही. जेवणानंतरचा खर्रा: त्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही उत्तेजक, आणि "खर्रा खाल्ला की शांत वाटतं" ही तलफ भागल्याची शांतता असते. शेवटचा खर्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी. चहा-कॉफी दुपारी चारनंतर नाही. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफिनही तासाभराहून जास्त झोप खातं असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. चहाच्या कपात त्याचा दहावा भाग असला तरी संध्याकाळी तीन-चार कप झाले की बेरीज होते. आणि रात्री साडेदहाचा सावजी रस्सा. तर्री पोटात असताना आडवं पडलं की आंबट वर येतं. जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि तरी जळजळ होत असेल तर डोक्याकडच्या पलंगाच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे. नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं, फायदा होत नाही.

एवढं करूनही सहा आठवड्यांत फरक नसेल, किंवा झोपेबरोबर मनही खचलेलं असेल, तर मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत जावं. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची भीती बाळगायचं कारण नाही, झोपेच्या तक्रारी तिथे रोजच्या आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट न पाहता टेली-मानसला १४४१६ वर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ओपीडीत जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्यात जडीबुटीच्या पुड्याही, आणि घोरणं किंवा श्वास अडकणं पाहणारं घरातलं माणूस सोबत न्यावं. पहिल्या भेटीत डॉक्टरांना अर्धी उत्तरं त्या तीन गोष्टींतूनच मिळतात.